मुलांपासून नेमकं काय लपवायचं?

मागच्या आठवड्यात जळगावहून माझ्या मावसभावाचा फोन आला. त्याचा मुलगा यंदा दहावीला आहे. शाळेत पालकसभा होती. तिथे दोन-तीन पालक उठले आणि म्हणाले, विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला प्रजननाचा धडा वर्गात शिकवू नका, मुलांना घरी वाचायला सांगा. विज्ञानाच्या बाई खाली बघत बसल्या, मुख्याध्यापक 'बघू' म्हणाले आणि सभा सहलीच्या विषयाकडे वळली. भाऊ मला म्हणाला, "तू मास्तर आहेस, तूच सांग. यात चुकलं काय? एवढ्या लहान वयात हे कशाला?"

फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही. तो प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

आधीच सांगतो, त्या पालकांची मी टिंगल करणार नाही. माझी स्वतःची मुलगी आठवीत आहे. तिच्यापुढे काय यावं आणि काय येऊ नये, याची काळजी मलाही आहे. वयाला न शोभणारं असं काही असतंच. प्रश्न तो नाही. ते ठरवायचं कुणी, कसं, आणि ठरवून झाल्यावर मुलाच्या हातात काय उरतं, हा प्रश्न आहे. आणि या प्रश्नाचं उत्तर आम्हा खान्देशातल्या लोकांनी तरी पुस्तकात शोधायची गरज नाही. ते आमच्या गल्लीत घडून गेलं आहे.

१९९४ च्या जुलैत मी जळगावात दहावीत होतो. अब्बांचं शिलाईचं दुकान होतं आणि पेपर दुकानात यायचा. संध्याकाळी तो घरी आणायची त्यांची सवय होती. त्या पावसाळ्यात ती अचानक मोडली. कारण काही दिवसांत शाळेच्या वाटेवरच कळलं. शाळा-कॉलेजातल्या मुलींना जाळ्यात ओढायचं, त्यांचे फोटो काढायचे आणि ते फोटो दाखवायची धमकी देऊन अत्याचार करत राहायचं, असा प्रकार शहरात बराच काळ चालला होता आणि त्यात वजनदार माणसांची नावं होती. महाराष्ट्र ज्याला 'जळगाव वासनाकांड' म्हणून ओळखतो ते हेच. तपासात अरविंद इनामदार, मीरां बोरवणकर यांच्यासारखे अधिकारी होते. पीडित मुलींचा आकडा शेकड्यांत सांगितला जात होता. तक्रार द्यायला पुढे आल्या त्या मोजक्याच. खटले चालले, वर्षं गेली, आणि बहुतेक आरोपी शेवटी सुटले.

आमच्या घरात या सगळ्याचा एकच परिणाम झाला. माझ्या आपाचं कॉलेज सुटलं. ती अकरावीत होती. तिचा कशाशी काही संबंध नव्हता, पण 'हवा खराब आहे' एवढं कारण पुरलं. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. जळगावची मुलगी म्हटलं की तेव्हा पाहुणे दोनदा विचार करायचे, हे त्या काळातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. खूप वर्षांनी आपा मला म्हणाली, "आम्हाला कुणी काही सांगितलंच नाही रे. काय झालं, कुणी कसं फसवलं, आपल्यावर अशी वेळ आली तर काय करायचं, कुणाला सांगायचं, एक शब्द नाही. नुसतं घरात बसवलं."

मला तेव्हापासून वाटतं, त्या गुंडांचं खरं हत्यार कॅमेरा नव्हता. फोटो बाहेर आला तर बदनामी मुलीचीच होणार आणि घरचे तिलाच बोलणार, याची त्यांना खात्री होती. मुलीलाही ती खात्री होती. म्हणून धमकी चालत राहिली. 'माझ्यावर जबरदस्ती झाली, यात माझा गुन्हा नाही' हे वाक्य ज्या मुलीला कुणी शिकवलेलंच नाही, ती ते अब्बांसमोर कसं उच्चारणार?

आता २००७ कडे येतो. तोवर मी धुळे जिल्ह्यातल्या एका शाळेत शिक्षक झालो होतो. केंद्राचं मनुष्यबळ विकास मंत्रालय आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना यांनी २००५ मध्ये किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम आणला होता. नववी आणि अकरावीच्या मुलांसाठी वर्षाला १६ तास, असा त्याचा आराखडा. एचआयव्हीच्या बाबतीत महाराष्ट्र तेव्हा देशातल्या जास्त लागण असलेल्या राज्यांपैकी होता, हे त्यामागचं एक मोठं कारण. आमच्या शाळेत तक्त्यांचं खोकं आलं. शिपाईमामांनी ते फोडलं, वरचा तक्ता बघितला आणि माझ्याकडे वळून अहिराणीत म्हणाले, "सर, हाई काय शे?" मीही तक्ता पाहिला आणि खरं सांगतो, माझेच कान तापले. काही चित्रं अशी होती की आमच्या वर्गात, मुलं-मुली एकत्र बसवून, मी ती दाखवू शकलो नसतो. बनवणाऱ्यांनी आमच्यासारखी गावं पाहिली नव्हती, असंच मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं.

पण झालं काय? चित्रं बदला, मुला-मुलींचे तास वेगळे घ्या, आधी पालकांना दाखवा, असं कुणी म्हणालं नाही. विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्य सरकारने हे शिक्षणच बंद केलं. सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं होतं, मुख्यमंत्री विलासराव देशमुख होते. त्याच सुमारास मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक या राज्यांनीही हेच केलं. म्हणजे हे एका पक्षाचं पाप म्हणून मोकळं होता येत नाही. पुढे २००९ मध्ये व्यंकय्या नायडू यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळेत लैंगिक शिक्षण नको, असाच अहवाल दिला. आमचं खोकं कपाटात गेलं. एका खोक्यात आक्षेपार्ह चित्रंही होती आणि 'नको त्या स्पर्शाला नाही म्हणा' हा पाठही होता. कुलूप दोघांना एकच लागलं.

आणि योगायोग बघा. त्याच २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने बालकांवरच्या अत्याचाराचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो केला होता. त्यातल्या ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं होतं. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासाच्या जागेवरचे होते. बहुतेक मुलांनी ते कुणालाही सांगितलेलं नव्हतं. एका हाताने आपण हा अहवाल छापला आणि दुसऱ्या हाताने मुलांना बोलायचे शब्द शिकवणारा तास बंद केला.

बंदीने मुलं निरागस राहिली असती, तर मी आज गप्प बसलो असतो. माझ्या वर्गात पुढे काय झालं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी गावातल्या एका मुलीची क्लिप फिरली. ती काढणारा गावाबाहेरचा होता. पण ती ज्या मोबाइलांतून फिरली, त्यात माझ्या नववीच्या वर्गातली चार पोरं होती. पोलीस शाळेत आले तेव्हा त्यातला एक मला रडत म्हणाला, "सर, आम्ही काढली नव्हती, नुसती पुढे पाठवली." नुसती पुढे पाठवणं हासुद्धा पॉक्सो आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. पोरं बाल न्याय मंडळापुढे गेली. मुलीचं नाव शाळेच्या पटावरून गेलं आणि तिचं लग्न लावून दिलं गेलं. १९९४ मध्ये कॅमेरा चार गुंडांकडे होता, आता प्रत्येक खिशात आहे. बदनामी मात्र अजून मुलीच्याच वाट्याला येते.

इथे आपल्या जिल्ह्यांबद्दलची एक कडवी गोष्ट बोलायलाच हवी. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या बायकांना विचारलं, की तुमचं लग्न अठराच्या आत झालं का. महाराष्ट्रात जवळपास २२ टक्के जणींनी हो म्हटलं. धुळे जिल्ह्यात हे प्रमाण ४० टक्क्यांच्या घरात आहे, राज्यातल्या सर्वांत वाईट जिल्ह्यांपैकी एक. यात सगळ्या जाती आहेत, सगळे धर्म आहेत, आपणही आहोत. मग मी पालकसभेत उठणाऱ्या त्या भावांना विचारतो: सोळाव्या वर्षी मुलगी धडा वाचायला लहान आहे आणि सोळाव्या वर्षी ती बायको व्हायला, आई व्हायला मोठी आहे, हे कसं? वयाला न शोभणारं नेमकं काय, धडा की लग्न?

आता आपल्या लोकांचा नेहमीचा मुद्दा. 'हे सगळं पाश्चात्य आहे, आपल्या दीनमध्ये हया आहे.' हया आहेच. पण हया म्हणजे अज्ञान नव्हे. कुरआनच्या सूरह नूरमध्ये मुलांना शिकवलेला एक साधा नियम आहे: वयात न आलेल्या मुलांनीही दिवसातल्या तीन वेळांना, फजरच्या नमाजाआधी, दुपारी विश्रांतीच्या वेळी आणि इशाच्या नमाजानंतर, मोठ्यांच्या खोलीत परवानगी घेऊन जावं, आणि वयात आल्यावर तर नेहमीच घ्यावी. लहान मुलाला एवढं, मोठ्या मुलाला तेवढं, हाच तर 'वयानुरूप' शिक्षणाचा अर्थ आहे. दहा वर्षांच्या मुलांचे बिछाने वेगळे करा, ही हदीसही आपल्याला माहीत आहे. उम्मे सुलैम रजि. यांनी प्रेषितांना बायकांच्या गुसलबद्दल असा प्रश्न विचारला, जो आज आमच्या मोहल्ल्यात कुणी बाई बंद दाराआड विचारणार नाही. त्यांना गप्प केलं गेलं नाही, उत्तर दिलं गेलं. मदिनेच्या अन्सारी बायकांचं हजरत आयेशा रजि. यांनी कौतुक केलं ते याचसाठी, की लाजेने त्यांना शिकण्यापासून अडवलं नाही. मौलाना अशरफ अली थानवी यांचं 'बहिश्ती जेवर' शंभर वर्षांहून जास्त काळ आपल्या घरांत मुलीच्या जहेजमध्ये दिलं जातंय. त्यात पाळी, पाकी, गुसल यांचे मसले स्पष्ट लिहिले आहेत. आमच्या घरात ते कपाटाच्या वरच्या खणात होतं. आपाला ते मिळालं निकाहच्या दिवशी, म्हणजे ज्या वयात हवं होतं त्याच्या बरंच नंतर.

ही गोष्ट मी आमच्या मोहल्ल्यातल्या मौलाना साहेबांशी बोललो. ते म्हणाले, "मास्टरसाहब, मदरशात आम्ही मुलांना बालिग होण्याचे मसले शिकवतोच. पण कुणी जबरदस्ती केली तर काय करायचं, हे शिकवत नाही. ते शिकवायला हवं." हे मला प्रामाणिक वाटलं. शाळेच्या आणि मदरशाच्या चुकीत फार फरक नाही.

आणि मराठीत हा वाद नवा आहे असंही नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ पर्यंत चालवलं. वाचकांच्या खासगी प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण माणसाला आपल्या शरीराबद्दल प्रश्न विचारायचा हक्क आहे आणि त्याला शास्त्रीय उत्तर मिळालं पाहिजे, ही भूमिका एका वकिलाने महाराष्ट्रात नव्वद वर्षांपूर्वी मांडलेली आहे.

आता बाहेरच्या जगाकडे बघू, कारण आपले काही मित्र हल्ली अमेरिकेचे दाखले देतात. तिथे फ्लोरिडा, आयोवा, टेक्सास, युटा अशा राज्यांनी गेल्या काही वर्षांत शाळेतल्या 'वयाला अयोग्य' साहित्यावर कायदे केले. युटाचा कायदा २०२२ चा. तिथल्या डेव्हिस जिल्ह्यात कुणीतरी त्याच कायद्याचा आधार घेऊन बायबलविरुद्ध तक्रार केली आणि पुढच्याच वर्षी खालच्या वर्गांच्या शाळांतून बायबल काढलं गेलं. ओरड झाली, मग परत ठेवलं. 'अश्लील' हा शब्द कायद्यात ढोबळ लिहिला की तो कुणाच्या हातात जाईल हे सांगता येत नाही. अल्पसंख्याकांनी तर हे आधी ओळखावं. आज दुसऱ्याचं पुस्तक काढायला जो नियम आपण मागतो, उद्या तोच आपल्या पुस्तकावर येऊ शकतो.

पण त्याच अमेरिकेतली दुसरी गोष्ट मला पटते. मेरिलँडमधल्या मॉन्टगोमेरी काउंटीत लहान वर्गांना समलैंगिक पात्रं असलेली गोष्टींची पुस्तकं वाचून दाखवली जात. काही मुस्लिम आणि ख्रिस्ती पालक कोर्टात गेले. पुस्तकं जाळा किंवा काढा, असं ते म्हणत नव्हते. आम्हाला आधी कळवा आणि आमच्या मुलाला त्या तासातून सूट द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. जून २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या पुस्तकांबद्दल कुणाचं काहीही मत असो, मागणीतला फरक लक्षात घ्या. माझ्या मुलापुरता निर्णय मी घेईन, हा पालकाचा हक्क झाला. सगळ्यांच्या मुलांचा तास मी बंद करीन, हा कुणाचाच हक्क नाही.

आपल्याकडेही वारं थोडं बदलतंय. सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बालकांच्या अश्लील चित्रफितींबाबतचा निकाल देताना सर्वंकष लैंगिक शिक्षणाची गरज सांगितली आणि ही पाश्चात्य कल्पना आहे हा समज खोडून काढला. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या ४३ व्या कलमानुसार या कायद्याची माहिती मुलांपर्यंत आणि पालकांपर्यंत पोहोचवणं हे सरकारचं कामच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला, लोक रेल्वे रुळांवर उतरले, त्यानंतर शाळांत कॅमेरे आणि समित्या यांची पळापळ झाली. कॅमेरे हवेतच. पण त्या मुलींनी घरी जाऊन काहीतरी सांगितलं, म्हणून ते उघड झालं. चार वर्षांच्या मुलीला सांगता येणं, हे कुठल्याही कॅमेऱ्यापेक्षा आधी हवं.

मग माझं म्हणणं काय? कायदा किंवा नियम करायचा असेल तर तो असा करा. कुठल्या इयत्तेत काय शिकवणार, ते साहित्य मराठीत आणि उर्दूत, वर्ष सुरू होण्याआधी पालकांना दाखवा. आक्षेप आला तर त्या पानावर चर्चा करा, अख्खा विषय गाडू नका. चित्रं आणि भाषा आपल्या गावांना पेलेल अशी ठेवा, मुला-मुलींचे तास गरजेप्रमाणे वेगळे घ्या, मुलींना शिक्षिका द्या. एखाद्या पालकाला एखाद्या तासातून मुलाला वगळायचं असेल तर वगळू द्या. पण दोन गोष्टींना सूट नको. पहिली, आपल्या शरीरावर आपला हक्क आणि कुणी त्रास दिला तर सांगायचं कुणाला. दुसरी, कायदा काय म्हणतो. या दोन गोष्टींना सूट दिली तर ज्या घरातच त्रास आहे, त्या घरातलं मूल सगळ्यात आधी वगळलं जाईल. १०९८ हा नंबर प्रत्येक मुलाला पाठ हवा. आणि मुलांनाही शिकवा, फक्त मुलींना नको. माझ्या वर्गातली ती चार पोरं मी विसरलेलो नाही.

हे सगळं मी शेवटी भावाला सांगितलं, फोन पाऊण तास चालला. तो मध्येच म्हणाला, "पण वर्गात पोरं हसतात रे." हसतात. मी धडा घेतो तेव्हाही पहिली दहा मिनिटं हसतात. मी थांबतो, हसू देतो. मग एखादा मागच्या बाकावरून खरा प्रश्न विचारतो आणि वर्ग शांत होतो. त्या शांततेपर्यंत पोहोचायला दहा मिनिटं लागतात, आणि बाईंना शाळेने तेवढी पाठराखण द्यायला हवी.

पुढची पालकसभा दिवाळीच्या सुट्टीनंतर आहे. भाऊ त्यात बोलणार आहे. धडा वर्गातच शिकवा, त्या दिवशी मी हवं तर मागे येऊन बसतो, असं तो म्हणणार आहे. परवा आपाला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "त्याला सांग, सोबत मलाही ने."